शेकाच्या खोलीत आबाची हाक

आधीच सांगतो, मी या पानावरचे अनुभव वाचतो ते निव्वळ करमणूक म्हणून. पांढरी साडी, रिकाम्या खोलीतली पावलं, आपोआप लागलेला रेडिओ... वाचायचं, हसायचं आणि जेवायला बसायचं. माझा धंदाच असा आहे की भुताखेतांवर विश्वास ठेवून चालत नाही. गेवराईत माझी साऊंड सर्व्हिस आहे. लग्न, कीर्तन, निवडणुकीची सभा — जिथे आवाज तिथे मी. आणि आवाजातलं प्रत्येक भूत शेवटी लूज कनेक्शन निघतं, हे मी छातीठोकपणे सांगायचो.

उदाहरण देतो. एकदा कपिलधारला कार्यक्रम होता. मंचावर कोणी नाही, माईक बंद, आणि माझा स्पीकर एकदम हिंदीत ओरडायला लागला — "गाडी आगे लो!" बायकांनी हात जोडले. एका काकांनी तर नारळ आणायला माणूस पिटाळला! मी जाऊन बघतो तर पार्किंगवाल्याचा कॉर्डलेस माईक माझ्याच फ्रिक्वेन्सीवर लागलेला. बटन फिरवलं, देव गप्प. नारळ आला होता, तो आम्ही पोरांनी खाल्ला.

तर असा मी. आणि तोच मी आता भेटेल त्याला हा किस्सा सांगत सुटलोय. चहाच्या टपरीवर, मांडवात, गिऱ्हाइकाला फोनवर. बायको म्हणाली, "तुमी एकदा लिवूनच काढा, म्हंजे जेवताना तरी गप बसाल." म्हणून लिहितोय.

आमचं घर चकलांब्याकडचं, मेंढपाळाचं. मी धंद्यासाठी गेवराईत आलो, पण आबा म्हणजे माझे वडील, आणि माय, हे दोघं अजून मेंढरांतच. गेल्या वर्षी मायला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. बाईनं त्रास अंगावर काढला होता, कुणाला बोलली नाही. संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. आधी बाहेरून रेडिएशन दिलं. आपल्याकडे सगळे त्याला 'शेक' म्हणतात. ते मायनं निमूट सोसलं. मग डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता आतला शेक द्यायचा. ब्रॅकीथेरपी."

मला जसं कळलं तसं सांगतो. बारीक नळ्या गर्भपिशवीपर्यंत आत बसवतात. त्या एका मशिनला जोडतात. मशिनमध्ये तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान किरणोत्सारी तुकडा असतो. तो नळीतून आत जातो, गाठीपाशी ठरलेल्या जागी थांबत थांबत शेक देतो आणि परत मशिनमध्ये येऊन बसतो. तुकडा बाहेर असताना खोलीत पेशंटशिवाय कुणी थांबायचं नाही. जाड भिंती, जाड दार. बाहेरचे लोक कॅमेऱ्यात बघतात आणि इंटरकॉमवर बोलतात. असं थोड्या थोड्या दिवसांनी काही वेळा करायचं.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. माझी माय उघड्या रानात वाढलेली बाई. घराचं दारसुद्धा ती आतून लावत नाही, म्हणते जीव घुसमटतो. तिला त्या खोलीत एकटीला ठेवून दार लागलं... पहिल्याच वेळी ती उठायला लागली! नळ्या आत, आणि ही कोपरावर उठतेय! मशिन थांबवावं लागलं. मी बाहेर मॅडमच्या हातापाया पडून इंटरकॉमचा माईक घेतला. म्हटलं, आपला तर हातखंडा आहे. मऊ आवाजात बोललो, "माय, पडून राहा, मी हाय." झालं उलटंच! ती छताकडे बघून ओरडायला लागली, "अरं कुठं हायेस? दिसंनास कावून?" आयुष्यभर लोकांना आवाज पुरवला, आणि माझ्याच आईला माझा आवाज लागू पडला नाही. शेवटी सिस्टर आत जाऊन तिला शांत करून आल्या आणि कसाबसा तो शेक पुरा झाला.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला आणि अक्काला बाजूला घेतलं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण छाया, तेलगावला दिलेली, मायबरोबर तीच राहायची. मॅडम म्हणाल्या, "बाहेरच्या शेकानं गाठ आकसली आहे, पण मूळ आतच आहे. हे पूर्ण झालं नाही तर ती परत वाढेल. आणि पुढच्या वेळी अशा हलल्या तर मला थांबवावं लागेल. त्यांना दमा आहे, पूर्ण भूल देणं जोखमीचं आहे." म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर आलं होतं. त्या बंद खोलीत माय थोडा वेळ एकटी पडून राहील का, एवढंच.

त्यात घरी आणखी एक घोळ. 'आतला शेक' म्हटल्यावर मायनं असं धरलं की ती किरणं आता तिच्या पोटातच राहिलीत. गाभण मेंढ्यांना बाधेल म्हणून तिनं आपली वाकळ उचलली आणि पार टेकाच्या पलीकडे, बाभळीखाली जाऊन बसली! मी हजारदा सांगितलं, "माय, त्यो तुकडा परत मशिनमधी जातो, तुझ्यात काय ऱ्हात न्हाई." ऐकेल तर शपथ. "तू मेंढ्या राखल्या का कवा?" म्हणाली. आणि आबा? लांबूनच तिच्याकडे बघत बिडी ओढत बसले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा माणूसही घाबरला की काय!

आता आबाच्या हाकेबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक मेंढपाळाची कळपाला घालायची साद वेगळी असते. आबाची म्हणजे टाळूला जीभ लावून दोन टिचक्या, मग घशातून लांब "हिर्रर्र-योऽऽ". कळप कितीही पांगलेला असो, ही साद ऐकली की माना वर. आणि या सादीचा अजून एक उपयोग असतो. एखादी मेंढी आजारी असली की तिला वाघुरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, एकटीला ठेवतात. कळपातलं जनावर एकटं राहत नाही. जाळीला धडका मारतं, चारा टाकतं. तेव्हा तिचा मेंढपाळ बाहेर, तिला दिसणार नाही असा, उभा राहतो आणि हळू साद घालत राहतो. ती खाली बसेपर्यंत. मध्येच थांबलं तर ती जास्त बिथरते. बसली की मग थांबायचं. आमच्याकडे हा नियमच.

मला अर्थातच साऊंडवाल्याची आयडिया सुचली. आबाची साद रेकॉर्ड करू आणि खोलीत लावू! आबांना सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला. कारण हा प्रयोग मी पूर्वी केला होता. ब्लूटूथ स्पीकरवर त्यांची साद लावून कळप वळवायला गेलो होतो, आणि एका मेंढीनं कान हलवला असेल तर! "मेंढरू डब्याला वळतं व्हय बे?" आबा म्हणाले. "आन् तुझी माय काय मेंढराहून कमी श्यानी हाय?"

"मंग तुमीच चला की दवाखान्यात," मी म्हणालो.

"मेंढ्या व्यायला झाल्यात. त्येंला कोण बघंल?"

"आन् मायला कोण बघंल?"

"मी हितून बघतो," म्हणाले आणि उठून गेले. मला एवढा राग आला की मी मोटरसायकलला किक मारताना पाय सोलून घेतला.

दुसऱ्या शेकाच्या दिवशी सकाळी माय दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखाली बसली ती बसलीच. "मी न्हाई जायची. मला मारायचं तर उघड्यावर मारा." अक्का रडायला लागली. मी कंटाळून आबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आबांना फोनवर बोलता येत नाही, लांबच्या माणसाशी बोलतोय म्हणून ते ओरडतात. ओरडले, "जा तू आत. मी हाय!"

"कुठं हायेस?" माय कडाडली. "मेंढरातच नं!"

"हा. मेंढरातच."

मायनं फोन माझ्या अंगावर फेकला. "ऱ्हाऊ दे त्याला त्येच्या मेंढरांत. चल गं छाये, जाते मी. मेले तर येईल मंग." आणि रागारागानं, पदर खोचून, चालत आत गेली! आम्ही दोघं बघतच राहिलो. कुणाचा राग कधी कामाला येईल सांगता येत नाही.

नळ्या बसवल्या, मग स्कॅन झालं, मग डॉक्टर लोक कॉम्प्युटरवर शेक कुठे किती द्यायचा त्याचा प्लॅन करत बसले. याला किती वेळ लागेल हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही, हे लक्षात ठेवा. मी आबांना परत फोन केला नव्हता. अक्कानंही नाही. माझा फोन तर अक्काकडेच होता, ती बाहेर बाकावर.

मॅडमनी मला मशिनच्या टेबलापाशी उभं राहू दिलं. टेबलावर अन्वरभाई टेक्निशियन. माणूस आपल्या बीडचाच, त्यांच्या वडिलांचा फळांचा गाडा असायचा. "भाई, टेन्शन नका घेऊ," म्हणाले, "बोलायचं असंल तर हे बटन दाबा. न्हाई दाबलं तर आपला आवाज आत जात न्हाई. तिचा मात्र आपल्याला ऐकू येतो." दार लागलं. स्क्रीनवर माय. चादर मुठीत धरलेली, डोळे छताला. मशिन सुरू झालं. स्पीकरमधून तिचा श्वास येत होता. घरघर... आणि तो वाढायला लागला. मी ओळखलं, ही आता उठणार.

तिनं मान उचलली. अन्वरभाईंचं बोट थांबवायच्या बटनाकडे सरकलं. हातातोंडाशी आलेलं जाणार!

आणि स्पीकरमधून आवाज आला.

टिक्‌... टिक्‌... "हिर्रर्र-योऽऽ".

मी शपथेवर सांगतो मंडळी, मला आधी वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय. पण अन्वरभाईंनी झटक्यात माझ्याकडे बघितलं. "अंदर कौन है?" त्यांचं मराठीच पळालं! मॅडम स्क्रीनवर वाकल्या. खोलीत माय, मशिन आणि भिंती. परत टिक्‌ टिक्‌... "हिर्रर्र-योऽऽ". मोठ्यानं नाही. कुणी भिंतीपलीकडे उभं राहून घालावी तशी, हळू, दमानं. मायची मान हळूच उशीवर टेकली.

मी कंसोलच्या माईककडे बघितलं. बंद. बटनावर कुणाचं बोट नाही. मायचं तोंड मिटलेलं, स्क्रीनवर स्वच्छ दिसतंय. साद चालूच! मध्ये एक ठसका आला. बिडीचा, खोल, पुरुषी ठसका. आणि मग जोरात — "हाड!"

"कुत्ता कहाँ से आया?" अन्वरभाई कुजबुजले. त्यांच्या हातावरचे केस उभे राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले. मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "थांबवू नका. त्या शांत आहेत." मॅडमना आवाज ऐकू आला का? नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी पेशंटकडे बघत होते." आता याला हो म्हणायचं का नाही, तुम्हीच ठरवा.

मायच्या मुठी सुटल्या. चादर सोडली. डोळे मिटले. शेवटपर्यंत ती बाई हलली नाही! तुकडा मशिनमध्ये परत आल्याचा दिवा लागला आणि साद थांबली. मला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. मी अन्वरभाईंना मिठी मारली, आणि त्यांनीही मारली.

नळ्या काढून मायला बाहेर आणलं. चेहरा असा की जणू दुपारची झोप काढून उठलीय. आल्या आल्या विचारते, "तुझा बाप कुठाय?"

मी म्हटलं, "कावून?"

"कावून काय? तिकडं पायाकडच्या भिंतीमागं उभा व्हता की. साद घालत व्हता. त्येला म्हणावं आता ये की म्होरं, लाजतोस कावून."

तेवढ्यात अक्का माझा फोन घेऊन आली. "रेखाचा मेसेज आलाय कवाचा. ऐकला न्हाई मी." रेखा म्हणजे माझी बायको. माय नव्हती म्हणून आबांना भाकरी करून घालायला ती वस्तीवर गेली होती. बोललेला मेसेज होता. लावला. रेखा घाईघाईत, दबक्या आवाजात —

"अवो, मामंजींला काय झालंय बघा! मेंढरं खाली वढ्याला चरायलीत, आन् हे टेकावर उभे राहून सडकंकडं तोंड करून साद घालायलेत! कवाधरनं! आन् एक बी मेंढरू मान वर करंना बगा... हे ऐका..."

आणि मागे, वाऱ्यात, आबा. टिक्‌ टिक्‌... "हिर्रर्र-योऽऽ". मग ठसका. मग जोरात — "हाड!" रेखा म्हणते, "अन् त्या मोत्या कुत्र्याला काय झालंय, धोतर वढतोय त्येंचं." तिथे मेसेज संपतो.

अन्वरभाई शेजारीच उभे होते. त्यांनी फोन हातात घेतला, मेसेजची वेळ बघितली, आत जाऊन आपल्या स्क्रीनवर बघितली आणि परत येऊन म्हणाले, "भाई, तेव्हा आपलं मशिन चालू होतं." एवढं बोलून खाली बाकावर बसले आणि अक्काच्या बाटलीतलं पाणी प्यायले.

मी आबांना फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच पलीकडून ओरडणं आलं, "बसली ना?"

बसली ना! मेंढीबद्दल विचारतात तसं!

"आबा, तुमाला कसं कळलं?"

"काय कसं?"

"ती आता आत हाय ते! घाबरली ते! थांबायचं कवा ते!"

आबा म्हणाले, "एकटी कोंडलेली हाय म्हनलास ना तू? मंग साद घालाय नगं का? तुला सांगितलं व्हतं, मी हितून बघतो." आणि फोन ठेवून दिला. म्हणजे त्यांच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आता माझं डोकं. मी काय सोडणार होतो का? सगळ्या शक्यता तपासल्या. पार्किंगवाल्यासारखा दुसऱ्या कुणाचा माईक? तो इंटरकॉम वायरवर चालतो, कॉर्डलेस भाग नाही, अन्वरभाईंनी दाखवलं. फोनचा सिग्नल? तो स्पीकरमध्ये शिरला तर नुसता टर्र वाजतो, त्यात माणूस बोलत नाही. बाहेरून कुणाचा आवाज? बाहेर अक्का होती, तिला काही ऐकू आलं नाही. आणि चकलांबा ते ती खोली... एवढ्या लांब आवाज पोचवायचा तर माझे स्पीकरचे सगळे डबे एकावर एक लावले तरी शक्य नाही. मायनं भासात ऐकलं म्हणावं तर मग मी ऐकलं ते काय? मला भास झाला म्हणावं तर अन्वरभाईंचं काय? आणि आम्हा तिघांनाही भास झाला म्हणावं, तर मेसेजमधल्या त्या "हाड!"चं काय करू?

पुढच्या शेकांना माय आपल्या पायांनी, न भांडता गेली. मी प्रत्येक वेळी स्पीकरला कान लावून उभा. काही आलं नाही. मी मायला म्हटलं, आता कशी राहिलीस गं एकटी? तर म्हणाली, "एकटी कुठं? भिंतीमागं माणूस हाय ठावं असलं की बास." गेल्या तपासणीत मॅडमनी सांगितलं, सध्या कुठे काही दिसत नाही, तपासायला मात्र येत राहा. त्या दिवशी मी गेवराईच्या चौकात विनाकारण ढोलाचा ट्रॅक लावला होता. पोलिस आले, त्यांनाही पेढे दिले.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. पेढे घेऊन संध्याकाळी वस्तीवर गेलो. मायनं वाकळ कधीच परत आणली होती, मेंढ्यांमधेच बसून एका नुकत्याच जन्मलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. आबा टेकावर उभे राहिले आणि कळप गोळा करायला साद घातली. सगळ्या मेंढ्यांच्या माना वर. मायनं मात्र बघितलंही नाही.

"माय, आबा हाक मारायलेत की," मी चिडवलं.

"मला न्हाई. त्येंला," माय मेंढ्यांकडे बोट दाखवून म्हणाली.

मी ती साद फोनवर रेकॉर्ड करून घेतली. रात्रभर... बरं, रात्रभर नाही, पण दुकानात बसून कैक वेळा ती आणि रेखाच्या मेसेजमधली साद शेजारी शेजारी लावून ऐकली. चांगले हेडफोन लावून, कॉम्प्युटरवर दोन्हींच्या लाटा एकाखाली एक मांडून. त्याच दोन टिचक्या, तोच घसा, तोच चढ, तोच उतार. मला फरक सापडत नाही, आणि याचं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही. पण त्या दुपारी ओढ्यातल्या एकाही मेंढीनं मान वर केली नव्हती. ती हाक आपल्यासाठी नाही, हे त्यांना कळलं होतं.